साडेतीन आकडी मीटर

बंद पडलेल्या यंत्राचा मला राग येत नाही. ते बिचारं सरळ सांगतं, बाबा, मी गेलो. राग येतो तो दिवे लावून, ऐटीत बसून खोटं बोलणाऱ्या यंत्राचा. आमचा टेबलावरचा जुना डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज वगैरे मोजणारा मीटर, असाच खोटं बोलायला लागला.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतला जुना माल लिलावात निघाला, तेव्हा मी तो उचलला होता. प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाला की त्याला शाल-श्रीफळ मिळतं. मला हा मीटरही मिळाला, फक्त त्याचे पैसे मोजावे लागले. लोखंडी पेटी, करकर वाजणारा रेंजचा खटका आणि समोर लाल दिव्यांचे आकडे. मीटर साडेतीन आकडी. म्हणजे उजवीकडचे तीन आकडे पूर्ण आणि सगळ्यात डावीकडचा अर्धा; त्यानं एक तरी दाखवायचा, नाहीतर गप्प बसायचं. त्यामुळं याची मोजणी १९९९ वर संपते. मराठवाड्यातल्या माणसाला साडेतीनचं काही नवल नाही. साडेतीन पीठांपैकी तुळजापूर आणि माहूर ही दोन अख्खी पीठं आमच्याकडंच आहेत, आणि अर्ध्याला नमस्कार करताना आम्ही काही अर्धे हात जोडत नाही.

तर बिघाड असा. यातला प्रत्येक आकडा सात रेघांचा असतो. त्यांना ए पासून जी पर्यंत नावं. जी म्हणजे मधली आडवी रेघ. माझ्या मीटरमध्ये दशकाच्या घरातली नेमकी तीच गेली. शून्य, एक आणि सात यांना ती लागतच नाही, म्हणून ते बिनचूक यायचे. तीन, चार, पाच मोडके दिसायचे, निदान संशय तरी यायचा. पण आठ! आठाच्या पोटातली रेघ काढली की त्याचं स्वच्छ शून्य होतं. कुठं खोट म्हणून दिसायची नाही.

हे मला माहीत होतं. शेजारच्या मामांना नव्हतं.

मामा संध्याकाळी आले ते फ्रिज थंड करंना म्हणून. मी हजाराच्या रेंजवर त्यांच्या घरातला व्होल्टेज घेतला. मीटर म्हणाला १००. म्हणजे खरे एकशेऐंशी. मी जी रेघेची कथा सांगायला सुरुवात केली, तोवर मामांनी वायरमनला फोन लावलासुद्धा. "शंभर यायलेत, शंभर! दोनशेतीसचे पैसे घेता अन् शंभर देता?"

वायरमन हुशार निघाला. "मामा, शंभरावर तुमचा टीव्ही चालायलाय कसा? मागं बातम्या ऐकू यायल्यात मला."

"मीटर कॉलेजातलाय," मामा म्हणाले, "तो खोटं कशाला बोलंल?"

त्या रात्री मी मीटर खोलायला घेतला. घरात मतभेद होतेच. "अहो, तीनशे रुपयांत नवा येतो," हे पहिलं मत. "नाहीतर गेलेली रेघ मनातल्या मनात धरून वाचा," हे दुसरं. दोन्ही बिनतोड असल्यामुळं मी उत्तर दिलं नाही.

झाकण काढलं तर आत ट्रान्सफॉर्मरच्या उबेला पालीनं संसार मांडलेला. अंड्यांची कवचं, बोटभर धूळ. ब्रशनं सगळं झाडलं, तेव्हा मधोमध चाळीस पायांची आयसी, म्हणजे मीटरचा मेंदू असलेली चिप, दिसली, आयसीएल ७१०७. या जातीची एक सोय मला फार आवडते. तिच्या सदतिसाव्या पायाचं नाव टेस्ट. त्याला अधिक पाच व्होल्टला टेकवलं की असतील नसतील त्या सगळ्या रेघा पेटतात आणि १८८८ उमटतो. माझ्याकडं उमटला १८०८. गुन्हेगाराचं घर नक्की झालं, पण गुन्हेगार कोण? आयसी, डाख, की दिवा?

मीटर दुरुस्त करायला मीटर लागतो, हा या धंद्यातला जुना विनोद. माझ्याकडं दुसरा मीटर होता, बाजारात ढिगानं मिळणारा पिवळा, पण त्याचा नऊ व्होल्टचा चौकोनी सेल मेलेला. दुकानदारानं घड्याळाचा सेल पुढं केला आणि "बसवून तर बघा" म्हणाला. शेवटी सेल सापडला मारुतीच्या देवळात. सप्ताह नुकताच उठला होता. ऐन कीर्तनात महाराजांचा कॉर्डलेस माइक बंद पडू नये म्हणून रोज नवा सेल घालतात, आणि उतरवलेले अर्धे भरलेले सेल टाळांच्या पेटीत पडून असतात.

पिवळ्या मीटरचा खटका डायोडच्या खुणेवर लावून लाल टोक दिव्यांच्या सामाईक पायाला आणि काळं एकेका रेघेला टेकवलं, की चांगली रेघ मंद पेटते. इतकी मंद, की उजेडात दिसतच नाही. म्हणून मे महिन्यातल्या परभणीत, भर दुपारी, मी चादर पांघरून बसलो. ए पेटली. बी पेटली. घाम टपटपत सर्किटवर पडायला लागला, तो एका हातानं पुसत एफपर्यंत आलो. जी मात्र ढिम्म. आयसी निर्दोष, डाख निर्दोष, रेघच मेलेली.

एलटी ५४२, म्हणजे माझ्या मीटरला लागणारा सात रेघांचा आकड्याचा दिवा, परभणीत कुणाकडं नव्हता. रेल्वेनं नांदेडला गेलो. वजिराबादेत मोबाइलच्या कव्हरांच्या जंगलातून एक जुनं दुकान हुडकलं. मालकानं डबा उघडून हातावर ५४३ ठेवला.

"५४२ म्हणालो मी."

"एकाचाच तर फरक आहे, साहेब. चालून जाईल."

५४२ मध्ये सगळ्या रेघांची धन टोकं एकत्र बांधलेली असतात, ५४३ मध्ये ऋण. फरक एकाचाच, पण माझ्या मीटरमध्ये ५४३ ची एकही रेघ पेटली नसती. मालकाला हे पटवताना तीन गिऱ्हाइकांनी कव्हरं घेतली. मग डब्याच्या तळातून, पाय वाकडा झालेला एक ५४२ निघाला. खिशातल्या बटण सेलवर सातही रेघा लावून बघितल्या आणि मगच पैसे दिले.

बदलायचं काम खरं म्हणजे सोपं. दहा पायांचा डाख पातळ करून पंपानं ओढून घ्यायचा. जुना बोर्ड, जास्त तापवला तर तांब्याची पट्टीच उखडून येते, म्हणून जीव मुठीत धरून करायचं. पंखा बंद, कारण वाऱ्यानं सोल्डरिंग आयर्न थंड पडतं. नऊ पाय सुटले. दहाव्याचा डाख चमकून पातळ झाला, मी पंप उचलला, आणि लाइट गेली.

अंधारात एका पायावर लटकलेला आकडा आणि थंड होत चाललेलं आयर्न धरून बसलो. बनी तो बनी, नहीं तो परभणी, असं आमच्याबद्दल म्हणतात. ही म्हण सोल्डरिंग करणाऱ्यानंच काढली असावी, असं माझं मत तेव्हा पक्कं झालं.

लाइट आली, दहावा सुटला, नवा बसला. टेस्टला टेकवलं. १८८८! फक्त एक झालं. शेजारचे आकडे वर्षानुवर्षं जळून मंदावलेले, आणि मधला नवा नवरदेवासारखा झगमगत होता.

मामांना मुद्दाम बोलावून व्होल्टेज दाखवला. २३८. दोन आणि आठ फिके, मध्ये तीन लखलखीत.

मामा चष्मा सरकवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तीनच यायलेत की! बाकीचे दोन तर गेल्यातच जमा."

मी पुन्हा समजावलं. या खेपेला मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. जी रेघ, आठ, शून्य, सगळं. मान डोलावली. दारापर्यंत गेले आणि वळले.

"ती रेघ एक दिवसापुरती परत काढता येईल का? नाही म्हणजे, उद्या वायरमन यायलाय."