बोइंग ७३७ ‘जुनं’ आहे म्हणून पडलं, हे खरं नव्हे

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. पोरं पुण्याहून विमानानं ये-जा करतात, त्यामुळे घरोघरी तो काळजीनं वाचला जातो. सारांश असा: ‘बोइंग ७३७ हे १९६७ चं विमान. तेच नवा रंग देऊन विकतात. इंजिनं इतकी मोठी बसवली की हवेत त्याचा तोलच राहत नाही, सॉफ्टवेअर बंद पडलं की कोसळतं. अहमदाबादला पडलं तेही हेच.’

शेवटचं आधी. १२ जून २०२५ ला अहमदाबादला कोसळलं ते बोइंग ७८७. कंपनी एक, विमान पूर्ण वेगळं.

‘तेच विमान, नवा रंग.’ पहिलं उड्डाण एप्रिल १९६७ चं, एवढं बरोबर. पण ते विमान साडेअठ्ठावीस मीटर लांब होतं. आज अकासा ही विमान कंपनी उडवते ते मॅक्स ८, म्हणजे ७३७ चंच ताजं रूप, साडेएकोणचाळीस मीटर आहे. १९८४ मध्ये नवी इंजिनं आली, १९९७ मध्ये पंखच नवा आला, क्षेत्रफळानं पाव हिस्सा मोठा. टिकून राहिली ती धडाची रुंदी, आणि आखूड पाय. खरी गोष्ट या पायांचीच आहे. तेव्हा लहान विमानतळांवर सामान चढवायची यंत्रं नसत, म्हणून माणसाला जमिनीवर उभं राहून बॅगा आत टाकता येतील इतकं विमान खाली ठेवलं. त्या काळची बारीक इंजिनं पंखाखाली सहज मावली. पुढे इंधन वाचवायला इंजिनाचा पुढचा पंखा मोठा हवा झाला, आणि खाली जागाच नव्हती. १९८४ च्या विमानात इंजिनाखालची उपकरणं बाजूला सरकवली आणि आवरणाचा तळ चपटा केला. माझ्या मते हे फार देखणं इंजिनिअरिंग आहे.

आता तोलाचा आरोप. प्रतिस्पर्धी एअरबसनं डिसेंबर २०१० मध्ये नव्या इंजिनांचं ए३२० निओ जाहीर केलं, त्याला उत्तर म्हणून बोइंगनं ऑगस्ट २०११ मध्ये मॅक्स. इंजिन आणखी मोठं, म्हणून ते पुढे आणि वर सरकवलं, नाकाखालचा पाय सुमारे वीस सेंटिमीटरनं वाढवला. विमानाचं नाक फार उचललं गेलं की हे मोठं आवरणच थोडी उचल देतं आणि पायलटच्या हातातला दांडा हलका पडतो. नियम सांगतो की तो जड होत गेला पाहिजे. त्यासाठी एमकॅस ही प्रणाली घातली: नाक फार उचललं गेलं की आपोआप ते खाली दाबणारं सॉफ्टवेअर. युरोपच्या नियामकानं जानेवारी २०२१ मध्ये चाचण्यांअंती स्पष्ट सांगितलं की एमकॅसशिवायही हे विमान स्थिर आहे.

मग मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ माणसं कशानं गेली? ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात, मार्च २०१९ मध्ये इथिओपियात? नाक किती उचललंय हे मोजणाऱ्या एकाच सेन्सरवर एमकॅस विसंबून होती. आपल्याकडच्या साखर कारखान्यात बॉयलरलासुद्धा पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दोन काचा असतात. इथे एक सेन्सर चुकला आणि प्रणाली पुन्हा पुन्हा नाक खाली दाबत राहिली. पायलटांच्या पुस्तिकेत तिचा खुलासाच नव्हता. कारण पैशाचं होतं: जुन्या ७३७ च्या पायलटाला सिम्युलेटरवर न बसवता मॅक्स उडवता यावं, हा विक्रीचा मुद्दा होता. साउथवेस्ट या अमेरिकन विमान कंपनीशी करारच होता, सिम्युलेटर लागलं तर विमानामागे दहा लाख डॉलर सूट. सगळा दोष ‘जुन्या डिझाइन’वर टाकला की हे निर्णय घेणारे सुटतात, म्हणून मला हा मजकूर खटकतो.

वयाचा मुद्दा एका जागी खरा लागू पडतो, आणि तोच त्या मजकुरात नाही. मॅक्सला स्वतंत्र नवं प्रमाणपत्र नव्हतं, १९६७ च्याच प्रमाणपत्रात दुरुस्ती करून मान्यता मिळाली. म्हणून नव्या विमानांना सक्तीचे असलेले काही नियम, उदाहरणार्थ कॉकपिटमधल्या इशाऱ्यांची आधुनिक व्यवस्था, त्याला लागू झाले नाहीत.

आता एमकॅस दोन सेन्सर ताडून पाहते, एका प्रसंगात एकदाच चालते, पायलटाच्या हाताला हार मानते, आणि सिम्युलेटर प्रशिक्षण सक्तीचं आहे. या बदलांनंतरच भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये मॅक्सला पुन्हा परवानगी मिळाली.