दगडी घर म्हणे!

आई दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आलीये, म्हटलं इथलं एक जुनं दगडी घर तरी दाखवू, म्हणून रविवारी इंग्लंडातल्या डर्बीशायरला हार्डविक हॉलला नेलं. समोर उभी राहिली आणि पहिलं वाक्य काय, तर "अगं, एवढ्या खिडक्या पुसायचं कोण?"

खरंच आहे म्हणा. दगड आहे पण तो नुसता चौकटीपुरता, बाकी सगळी काचच काच. लोक म्हणतच आलेत की हार्डविकला भिंतीपेक्षा काच जास्त. १५९० ते १५९७ मध्ये बेस ऑफ हार्डविक नावाच्या बाईने हे बांधून घेतलं, चार लग्नं, चारही नवरे वारले, आणि शेवटी इंग्लंडातल्या सगळ्यात श्रीमंत बायकांमध्ये तिची गणती. काच तेव्हा प्रचंड महाग. वरती सहा टॉवर आणि त्यांच्या कठड्यांत दगडात कोरलेली ई आणि एस ही तिची (खरं नाव एलिझाबेथ, शेवटच्या लग्नानंतर श्रूजबरी) आद्याक्षरं, लांबून दिसतील एवढी मोठी. आई म्हणाली, "फ्लेक्सच की हा!"

पण सगळे काचेचं कौतुक करतात ना, मला विचाराल तर खरी कमाल घराचा आराखडा करणाऱ्या रॉबर्ट स्मिथसनची, आणि ती दिसतच नाही. एवढी काच लावायची तर बाहेरच्या भिंती मोकळ्या हव्यात, मग शेकोट्यांचं काय? त्याने धुराडी बरीचशी आतल्या जाड भिंतींमध्ये घातली. दुसरी गंमत म्हणजे जसजसं वर जावं तसतशी खिडक्यांची उंची वाढत जाते. कारण खाली नोकरचाकर, मधे बाई स्वतः आणि सगळ्यात वर पाहुण्यांसाठी थाटाच्या खोल्या. म्हणजे स्वयंपाकघर तळाला आणि पंगत टोकाला! मधला तो लांबलचक दगडी जिना चढताना आई दोनदा बसली. ताटं घेऊन रोज चढणाऱ्यांचं काय होत असेल आणि वर पोचेपर्यंत जेवण किती गरम राहत असेल, देव जाणे.

दगड त्याच टेकडीचा, सॅंडस्टोन, मऊ, त्यामुळे झिजतो. जवळ जाऊन हात लावला तर बोटांना बारीक वाळू लागली, आणि काळवंडलेल्या दगडांत मधेच बदललेला नवा पिवळट दगड ठिगळासारखा दिसतो. मला ते ठिगळ आवडलं, उगाच जुनं दिसावं म्हणून रंगवून ठेवण्यापेक्षा हे बरं.

आणि थंडी? १६०१ ची घरातल्या सामानाची यादी आहे, त्यात बाईंच्या बेडरूममध्ये पांघरुणांचा ढीग, वर खिडक्या-दारांवर टांगायला जाड कापडं. "मग खिडक्या केल्याच कशाला?" इति आई, शाल घट्ट ओढत.

तिला सांगितलं की यातल्या काही खिडक्या खोट्याच आहेत, बाहेरून काच आणि आत भिंत, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. झालं, बाहेर लॉनवर येऊन पंधरा मिनिटं खोट्या खिडक्या शोधत बसलो. एकही सापडली नाही.