आयोग ठीक, पण आधी १०९८

मुलांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या, दिल्लीतल्या राष्ट्रीय बाल हक्क आयोगाची माहिती तुमच्या लेखात छान दिलीय. पण सोलापूर स्टेशनवर एकटं, भेदरलेलं पोरगं दिसलं तर माणूस दिल्लीला अर्ज करत बसणार का? तिथं मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर फिरवायचा. फुकट, चोवीस तास. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही हेल्पलाइन आता सरकारच चालवतं. लोक पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून फोन टाळतात. बिस्कीटपुडा हातात देऊन पोराला पुढच्या गाडीत बसवून देणारे भले लोक मी पाहिलेत! अहो, कायद्यानं त्याला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा पोरांचं पुढं काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे, न्यावं लागतं. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत चुकलेल्या लेकरांची नावं भोंग्यावर पुकारतात, तेव्हा हा नंबरही सांगा की.