‘पोरीचा मोबाईल काढून घ्या’ या मेसेजला उत्तर

‘कॉलेजला जाणाऱ्या पोरींचे मोबाईल काढून घ्या. शक्यतो घरातच ठेवा, बारावी झाली की लग्न उरका. प्रेमप्रकरणातली मारहाण आपोआप थांबेल. पोलिसांत गेलं की नुसती बदनामी.’ कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या गावच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. पाठवणारे आपलेच काका-मामा, पोरींच्या काळजीनंच पाठवतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी मोबाईल. हात उगारायच्या आधी बरंच काही घडून गेलेलं असतं. प्रेमातला पोरगा आधी पासवर्ड मागतो. सीबीटी बसस्टँडवर बस चुकली तर ‘कुठं आहेस, फोटो पाठव’ म्हणतो. मैत्रिणींशी बोलणं तोडायला लावतो. ती ‘पुरे आता’ म्हणाली की ‘तुझे फोटो सगळ्यांना पाठवतो’. ही धमकी चालते कशाच्या जोरावर? ‘घरी कळलं तर कॉलेज बंद’ या तिच्या भीतीच्या जोरावर. मोबाईल काढून घेणारं घर त्या पोराचंच काम सोपं करतं. मेसेज, स्क्रीनशॉट हा पुरावाही जातो तो वेगळाच. त्यापेक्षा तिला आधीच सांगून ठेवा, ‘काहीही झालं तरी कॉलेज बंद होणार नाही.’ अठराच्या आतल्या मुलांच्या नग्न, अश्लील फोटोंसाठी ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा आहे. फोटो कुणाला न दाखवता त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी सोशल मीडिया कंपन्या त्यावरून तो हटवतात.

लग्नाचं काय बोलायचं? अठराच्या आतलं लग्न कर्नाटकात कायद्यानं मुळातच रद्द आहे. आणि नवराच मारणारा निघाला तर?

घरात ठेवली की सुरक्षित, हेही खरं नाही. मे 2024 मध्ये हुबळीत 20 वर्षांच्या मुलीचा पहाटे तिच्या घरात घुसून खून झाला. तिनं नकार दिला होता, एवढंच. या मेसेजमध्ये पोरांबद्दल मात्र एक अक्षर नाही, याचा मला खरोखर संताप येतो. नकार पचवायला त्यांना कुणी शिकवायचं? मुंबईत ‘परिवर्तन’ उपक्रमात क्रिकेटच्या प्रशिक्षकांनी खेळाडू पोरांशी मुलींचा मान, राग, मारहाण यावर बोलायला सुरुवात केली. आपल्याकडं तालमीतले वस्ताद आहेत, कबड्डीचे कोच आहेत. पोरं बापापेक्षा त्यांचं जास्त ऐकतात.

राहिली बदनामी. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालच्या प्रकरणात तिची ओळख उघड करणं गुन्हा आहे. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, साध्या कपड्यांत, मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं घ्यायचा असतो. मराठी शाळेत शिकलेली पोर कन्नडमध्ये लिहिलेल्या जबाबावर न समजता सही करेल, ही भीती आपल्या भागात खरी आहे. पण याच कायद्याच्या 19व्या कलमात आहे की मुलाला भाषा समजत नसेल तर दुभाषी द्यायलाच हवा. तो मागून घ्या. पोलीस ठाण्यात एकट्यानं जायचा धीर होत नसेल तर आधी 1098 ही मुलांची हेल्पलाईन लावा. नंबर मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि पोरीला स्वतःलाही लावता येतो, हातात मोबाईल असेल तर.