रिफंडातले दहा टक्के
'जास्त रिफंड काढून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा' हे आयकर रिटर्नवरच्या लेखात बरोबर लिहिलंय. परभणीत आमच्या शाळेतल्या चार-पाच गुरुजींचं रिटर्न एकच जण भरायचा, रिफंडातले दहा टक्के घेऊन. माझ्या नावावर त्यानं ८०जीजीसी या करसवलतीच्या कलमाखाली राजकीय पक्षाला ४० हजारांची खोटी देणगी दाखवली. मी तर गणपतीची वर्गणीसुद्धा घासाघीस करून देतो! पोर्टलवर मोबाइल, ई-मेल त्याचाच. त्यामुळं आयकर खात्याचे मेसेज मला दिसलेच नाहीत. विचारलं तर, "सर, काही होत नसतंय." नंतर फोनच उचलंना. शेवटी लातूरच्या सीएकडून अपडेटेड रिटर्न, म्हणजे चूक सुधारून नव्यानं रिटर्न भरलं. कर, व्याज आणि त्या दोन्हींच्या बेरजेवर २५ टक्के जादा गेले. त्यानं घेतलेले दहा टक्के तर बुडालेच.