पट्टी हलत नसेल तर बटण दाबा

ऑफिसातला जुना सर्व्हर थकलाय आणि त्याचे रोल (ऑफिसभरची लॉगिनं सांभाळायची कामं) नव्या मशीनकडे द्यायचेत? अभिनंदन! गेल्या शनिवारी एका ऑफिसात हेच करून आलोय, म्हणून चार युक्त्या फुकट सांगतो. 'नवं' म्हणजे अर्थातच दुसऱ्या ब्रँचमध्ये धूळ खात पडलेलं मशीन.

बॅकअप घेऊ नका. अपशकुन होतो.

पीसीचं घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल मेलाय? मरू दे. रोज सकाळी पीसी उठून १ जानेवारी २००९ म्हणतो, म्हणू दे. लॉगिन तपासणाऱ्या केर्बेरॉसला सर्व्हरच्या घड्याळाशी पाच मिनिटांपलीकडचा फरक खपत नाही, लॉगिन अडतं. मग तुम्ही म्हणायचं, "नवीन सर्व्हरच डिफेक्टिव्ह आहे."

डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता कुणाला विचारायचा त्या जागी, सगळीकडे गूगलचा ८.८.८.८ टाका. नेट चालतं ना? मग झालं. तुमचा डोमेन कंट्रोलर (लॉगिनं सांभाळणारा हाच सर्व्हर) कोणत्या कपाटामागे बसलाय, हे अमेरिकेतल्या कंपनीला ठाऊक असणारच.

नवं मशीन प्रमोट झालं, म्हणजे डोमेन कंट्रोलर बनलं, की पाचही एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच सर्व्हरकडे राहणारी खास कामं) आपोआप आले असं धरा आणि जुनं मशीन त्याच दिवशी भंगारवाल्याला द्या.

आता खरी कला. धीर धरू नका. ४ जीबी रॅम, खरखरणारी हार्ड डिस्क, १०० एमबीपीएसचा स्विच. प्रमोशन सुरू केलं की पट्टी वीस-वीस मिनिटं जागची हलत नाही. आत डिरेक्टरीची (युजर आणि मशीनच्या नोंदींची) प्रत उतरत असते, डिस्कचा दिवा लुकलुकत असतो, पण दिव्याकडे कोण बघतो! मी मॉनिटरला कागद चिकटवला, 'काम चालू आहे, हात लावू नये', आणि दहा मिनिटं चहाला गेलो. परत येतो तर साहेब हसतमुख. "हँग झालं होतं हो. बटण दाबून बंद-चालू केलं." आणि कागद? तो टेबलावर, साहेबांच्या कपाखाली! मशीन अर्धवट प्रमोट झालेलं, जुन्या सर्व्हरच्या यादीत त्याचं भूत उभं. एनटीडीएसयुटिल हे डिरेक्टरी दुरुस्तीचं टूल उघडून ते भूत उतरवायला रात्रीचे दोन वाजले. साहेब साडेसातलाच घरी गेले. जाताना म्हणाले, "सकाळपर्यंत होईल ना? किरकोळ तर काम आहे."

आणि सोमवारी फोन. "तुम्ही येऊन गेल्यापासून प्रिंट येत नाही."

मी येऊन गेल्यापासून? अहो, बटण मी दाबलं? जुन्या मशीनवरच्या विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. त्याआधी सहा महिने लेखी दिलं होतं, कोटेशन दिलं होतं. ते कुठल्या फायलीत गेलं? रिसेप्शनला भिंतभर टीव्ही लावायला पैसे आहेत आणि वडापावाच्या पैशात येणाऱ्या सेलसाठी 'पुढच्या बजेटमध्ये बघू'? आणि तो कागद इंग्रजीत नव्हता, साहेब. मराठीत होता. मोठ्या अक्षरात!