मार्क हॉलिसचा ‘माज’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की ‘टॉक टॉक’ या ब्रिटिश बँडचा गायक मार्क हॉलिस, त्याला यशाचा माज चढला, १९८८ च्या ‘स्पिरिट ऑफ ईडन’ या अल्बममध्ये पॉप सोडून, ज्यांनी डोक्यावर घेतलं त्या श्रोत्यांनाच त्याने वाऱ्यावर सोडलं, आणि कुणाला कळत नाही ते थोर, असं समजून मी त्याची आरती ओवाळतो.

आरतीचं कबूल. लेखात ‘अद्भुत’ तीनदा आलंय, आत्ताच मोजलं.

पण माजाचं पटत नाही. १९८२ साली हे लोक ड्युरान ड्युरान या गाजलेल्या पॉप बँडच्या कार्यक्रमांत आधी वाजवायचे. रेकॉर्ड कंपनी तीच, ईएमआय, त्यामुळे तुलना कपाळी आलीच. सिंथेसायझर घेतला तो परवडतो म्हणून, हे हॉलिसने मुलाखतींत सांगितलंय. वादकांचा ताफा बोलवायला पैसे कुठे होते? १९८६ च्या ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ अल्बममध्ये पैसे आले, तर लगेच खरी वाद्यं आली, ऑर्गनवर नावाजलेला रॉक गायक-वादक स्टीव्ह विनवूडसुद्धा. तो अल्बम ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर गेला. तुम्ही वळण १९८८ मध्ये धरता, पण तोवर गाडी कधीच वळली होती. यशाने त्याला फक्त स्टुडिओतला वेळ विकत घेऊन दिला.

आणि तो त्याने कसा उधळला! लंडनच्या हायबरीतला वेसेक्स स्टुडिओ, मुळात चर्चचा हॉल. दिवे मालवलेले, ऑइल प्रोजेक्टरचे रंग भिंतीवरून ओघळतायत. वादक आला की काय वाजवायचं ते धड सांगायचे नाहीत, सुचेल ते वाजव म्हणायचे. तासन्‌तास वाजवून घ्यायचे आणि त्यातले काही क्षण ठेवायचे. यातून ‘स्पिरिट ऑफ ईडन’ची सहा गाणी झाली. कंपनीच्या पोटात गोळा आला असेल, तर मी तिला दोष देणार नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र बिनतोड आहे. आधीच्या गाण्यांच्या भरवशावर ज्याने १९८८ मध्ये पदरचे पैसे मोजले, त्याला फसल्यासारखं वाटणारच. हॉलिसने दौराही केला नाही. हे मी लेखात गाळलं, चूक माझी. पण त्यानंतर बँडचा ‘लाफिंग स्टॉक’ हा अल्बम, १९९८ मध्ये स्वतःच्या नावाचा एकच अल्बम, आणि मग २०१९ मध्ये जाईपर्यंत जवळजवळ मौन. माज चढलेली माणसं इतकी गप्प बसलेली मी तरी पाहिली नाहीत.

तुम्ही लिहिलंय, गाडीत लावलं, बराच वेळ काही वाजेचना, म्हणून बंद केलं. अहो, ‘स्पिरिट ऑफ ईडन’मधल्या पहिल्या गाण्याची, ‘द रेनबो’ची सुरुवात इंजिनाच्या आवाजात ऐकू येणारच नाही. मी रात्री हेडफोन लावून ऐकत होतो, मलाही वाटलं बिघडलं, म्हणून आवाज वाढवत गेलो. आणि मग ती फाटक्या आवाजाची माउथ ऑर्गन अशी कानात घुसली, की हेडफोन ओढून काढला. थोडा वेळ तसाच बसलो, मग पहिल्यापासून लावलं.

बाकी त्यांचं जुनं पॉप गाणं ‘इट्स माय लाइफ’ भांडी घासताना मीही अजून गुणगुणतो.